पडद्यावरचे खिळे : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी ग्नोम आणि केडीई या लिनक्सवरच्या डेस्कटॉपांच्या मराठी भाषांतराबद्दल लिहिलं आणि शेवटी ‘काही अडलं तर विचारा’ असं म्हणून बसले. पत्रं आली ती निम्मी भाषेची, निम्मी बिल्डची, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्रॅम बनवण्याची. गंमत अशी की भाषेचा म्हणून विचारलेला प्रश्न बऱ्याचदा बिल्डचा निघाला, आणि बिल्डचा म्हणून विचारलेला भाषेचा. त्यामुळे वर्गवारी करत नाही, हाताला लागतील तशी उत्तरं देते.

प्रश्न : मी चिपळूणजवळ एका शाळेत गणित शिकवतो. मे महिन्याच्या सुट्टीत एका छोट्या मुक्त प्रोग्रॅमचं मराठी भाषांतर पूर्ण केलं. वेबलेट या भाषांतराच्या संकेतस्थळावर हिरवी पट्टी शंभर टक्के दाखवते. नवी आवृत्ती आली, मी ती घातली, तरी पडद्यावर सगळं इंग्रजीच. माझं काम गेलं कुठे?

सर, गेलं कुठेच नाही, वाटेत अडकलंय. वाट सांगते, म्हणजे कुठे शोधायचं ते तुम्हालाच दिसेल.

प्रोग्रॅम लिहिणारा भाषांतर करायच्या इंग्रजी वाक्यांना एक खूण करून ठेवतो. ग्नू गेटटेक्स्ट या भाषांतराच्या हत्यारांच्या संचातलं एक्सगेटटेक्स्ट हे हत्यार ती वाक्यं वेचून एक कोरा नमुना बनवतं. त्याला आम्ही पॉट म्हणतो. नमुन्यावरून तुमची पीओ फाइल तयार होते, वर इंग्रजी, खाली मराठी. ही फाइल माणसाने वाचायची. प्रोग्रॅम ती कधीच वाचत नाही. बिल्डच्या वेळी एमएसजीएफएमटी नावाचं दुसरं हत्यार तिची एमओ फाइल करतं, आणि ती एमओ ‘शेअर’ फोल्डरातल्या ‘लोकेल’मध्ये, त्यातल्या ‘एमआर’मध्ये, त्यातल्या ‘एलसी मेसेजेस’ या कप्प्यात जाऊन बसते. प्रोग्रॅम सुरू होताना तिथे डोकावतो. सापडली तर मराठी, नाही तर गुपचूप इंग्रजी. चूक झाली म्हणून कोणी ओरडत नाही, हीच खरी पंचाईत.

माझा पहिला संशय ‘लिंग्वास’वर. पीओच्या फोल्डरात या नावाची एक इवलीशी फाइल असते, तिच्यात फक्त भाषांचे संकेत. तिच्यात ‘एमआर’ ही दोन अक्षरं नसतील तर मेसन हे बिल्ड करणारं हत्यार तुमच्या भाषांतराकडे ढुंकूनही बघत नाही. वेबलेटला सांगून ठेवलं असेल तर ते ही ओळ आपणहून घालतं, पण सांगायला हवं ना कोणीतरी. एका प्रोग्रॅमची मराठी फाइल ओळीने तीन आवृत्त्या अशी पडून होती. कोणाची होती म्हणाल, तर माझीच. मी दर सहा महिन्यांनी निष्ठेने वाक्यं भरत होते आणि स्वतः तो प्रोग्रॅम इंग्रजीत वापरत होते! शेवटी जालन्याच्या एका मुलाने विचारलं, ‘ताई, हे मराठीत का नाही?’ तेव्हा दोन अक्षरांचा पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, पाठवला.

दुसरा संशय तुमच्या यंत्रावर. मराठीचं लोकेल, म्हणजे भाषा-प्रदेशाच्या नियमांचा संच, मुळात तयार केलेलं नसेल तर सेटलोकेल हे फंक्शन फसतं, प्रोग्रॅम ‘सी’ या मूळ लोकेलवर येऊन पडतो आणि तिथे गेटटेक्स्ट भाषांतर शोधायलाही जात नाही. लिनक्सच्या डेबियन या प्रकारात लोकेल-जेनच्या यादीतली मराठीची ओळ उघडून ती आज्ञा पुन्हा चालवावी लागते, फेडोरात जीलिबसीचा मराठी भाषासंच घालावा लागतो. ‘लोकेल -ए’ असं टर्मिनलमध्ये चालवा आणि यादीत ‘एमआर’ दिसतंय का ते आधी पाहा.

तरीही काही कळलं नाही तर अंदाज बांधत बसू नका. एसट्रेस या टेहळणीच्या हत्याराखाली प्रोग्रॅम चालवून तो कोणत्या एमओ फाइली उघडायला बघतोय ते सरळ वाचा. एकदा एका प्रोग्रॅमचं भाषांतर ‘यूएसआर’ या फोल्डराखाली नीट बसलेलं होतं, आणि प्रोग्रॅम मात्र ते ‘यूएसआर लोकल’खाली शोधत होता, कारण बिल्ड करताना प्रीफिक्स, म्हणजे बसवायची मूळ जागा, वेगळा दिला गेला होता. दोन तास आम्ही शुद्धलेखन तपासत होतो.

आता त्या हिरव्या पट्टीबद्दल. शंभर टक्के म्हणजे पॉटमधल्या वाक्यांचे शंभर टक्के, प्रोग्रॅममधल्या नव्हे. पॉट कोणत्या फाइलींमधून वेचायचा याची यादी ‘पॉटफाइल्स’मध्ये असते. प्रोग्रॅमरने नवी खिडकी लिहिली आणि तिची फाइल या यादीत घालायला विसरला, तर त्या खिडकीतलं एकही वाक्य तुमच्यापर्यंत येत नाही. पट्टी हिरवी, खिडकी इंग्रजी. मेनूतलं प्रोग्रॅमचं नावही वेगळ्या वाटेने येतं. ते डेस्कटॉप फाइलीत बिल्डच्या वेळी मिसळावं लागतं, म्हणून कधीकधी आतलं सगळं मराठी आणि नाव तेवढं इंग्रजी असा प्रकार होतो.

माझे बाबा कराडला एका छापखान्यात कंपोझिटर होते. खिळे जुळवले, गॅली म्हणजे कच्चा छापा वाचला, चुका सुधारल्या, तरी फर्मा मशीनवर चढून पहिला कागद हातात येईपर्यंत ते घरी निघत नसत. सर, तुमचा पहिला कागद अजून निघालेला नाही. स्वतः बिल्ड करा. मेसनचा प्रकल्प असेल तर सेटअप, कंपाइल, इन्स्टॉल या तीन आज्ञा, आणि इन्स्टॉल घरच्याच एखाद्या फोल्डरात. गणित शिकवणाऱ्याला जड नाही.

प्रश्न : पुण्यात प्रोग्रॅमर आहे. एका प्रसिद्ध डेस्कटॉप प्रकल्पात इंग्रजी वाक्यातली एक चूक दिसली, एक अक्षर जास्त होतं. ते काढून पॅच पाठवला. ‘सध्या स्ट्रिंग फ्रीझ आहे’ म्हणून परत आला. एका अक्षरासाठी एवढा सोवळेपणा?

सोवळं नाही हो, त्या एका अक्षराचं बिल साठ-सत्तर भाषांना भरावं लागतं.

गेटटेक्स्टमध्ये इंग्रजी वाक्य हीच किल्ली असते. किल्लीचा एक दात घासलात की कुलूप उघडत नाही. पुढच्या वेळी एमएसजीमर्ज चालतं तेव्हा ते जुन्या वाक्याशी साधर्म्य पाहून मराठी भाषांतर तिथे चिकटवतं, पण वर ‘फझी’ असा शेरा मारतं. म्हणजे ‘मला वाटतं हेच असावं, कोणीतरी बघा’. फझी वाक्यं एमओत जात नाहीत. म्हणजे कालपर्यंत मराठीत, रशियनमध्ये, तमिळमध्ये दिसणारं वाक्य उद्या सगळीकडे इंग्रजीत दिसणार, तुमचं ते एक अक्षर दुरुस्त झालेलं.

ग्नोमची आवृत्ती दर मार्च आणि सप्टेंबरमध्ये येते. त्याआधीचे काही आठवडे वाक्यं गोठवतात, तोच स्ट्रिंग फ्रीझ, कारण भाषांतर करणारी आमच्यासारखी माणसं रात्री भांडी आवरून झाल्यावर बसतात. गोठवल्यावर बदल हवाच असेल तर परवानगी मागावी लागते. ती मिळतेही, पण वाक्याचा अर्थच उलटा होत असेल तर. जास्तीच्या अक्षरासाठी मागू नये. पुढच्या आवृत्तीची फांदी निघाली की पॅच पुन्हा पाठवा, आनंदाने घेतील.

फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने फ्लुएंट या आपल्या भाषांतर-पद्धतीत ही किल्ली वेगळी केली, प्रत्येक वाक्याला नाव दिलं. तिथे इंग्रजीतली चूक सुधारली तरी नाव तेच राहतं आणि भाषांतर मोडत नाही. पण मग अर्थ बदलला तर नाव आठवणीने बदलायचं काम माणसावर येतं, आणि माणूस विसरतो. मला विचाराल तर फझीचा त्रास मी पत्करीन. निदान कोणीतरी शेरा मारून ठेवलेला असतो.

प्रश्न : ताई, मी नांदेडला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. फाइल मॅनेजरमध्ये ‘डिलीटेड’ला मी ‘हटवले’ असं लिहिलं. पडद्यावर ‘फाइल हटवले’ असं येतंय. ‘हटवली’ केलं तर ‘फोल्डर हटवली’. काय करू?

तू भाषांतर बदलूच नकोस. कोड बदलायला सांग.

तिथे कोणीतरी वस्तूचं नाव आणि क्रिया असे दोन तुकडे वेगवेगळे भाषांतराला दिलेत आणि पडद्यावर चिकटवलेत. इंग्रजीत ते खपतं. आपल्याकडे फाइल हटवली, फोल्डर हटवला, पत्र हटवलं. दोन तुकड्यांतून हे कितीही डोकं लढवलंस तरी जुळणार नाही. उपाय एकच, प्रत्येकासाठी अख्खं वाक्य. शब्द एकच असून अर्थ वेगळे असतील तिथे एमएसजीसीटीएक्सटी ही संदर्भाची ओळ मागून घ्यायची. ‘ओपन’चंच बघ. आज्ञा असेल तर ‘उघडा’, आणि ‘हे आधीच उघडं आहे’ असं सांगायचं असेल तरी घाईत कोणीतरी ‘उघडा’च लिहितं. एका खिडकीत दस्तऐवजापुढे ‘स्थिती : उघडा’ असं बघून माझ्या मुलीला हसू आवरेना. ‘मे’ महिना की परवानगी, ‘लेफ्ट’ म्हणजे डावीकडे की शिल्लक, हे नुसत्या शब्दावरून ब्रह्मदेवालाही कळणार नाही.

तक्रार लिहिताना ‘मराठीत चूक दिसते’ असं लिहू नकोस. ते एका भाषेचं दुखणं समजून बाजूला ठेवतात. हिंदी, फ्रेंच, रशियन या भाषांतही लिंगाप्रमाणे क्रियेचं रूप बदलतं हे लिही. जमलं तर पॅचच जोड, काम चार ओळींचं असतं. एकवचन-अनेकवचनाचंही तसंच. मराठी पीओच्या डोक्यावर दोन वचनं नोंदवलेली असतात, १ फाइल निवडली, २ फायली निवडल्या. जपानीला एकच पुरतं, रशियनला तीन लागतात, अरबीला सहा. प्रोग्रॅमरने कंसात ‘एस’ घालून वेळ मारून नेली असेल तर त्यालाही वचनं सांभाळणारं एनगेटटेक्स्ट वापरायला सांग.

क्रमाचंही सांगून ठेवते, कारण तू तिथे ठेचकाळशीलच. ‘इतक्या फायली अमुक फोल्डरात नेत आहे’ असं वाक्य असेल तर इंग्रजीत आकडा आधी येतो, फोल्डर नंतर. मराठीत फोल्डर आधी येतं. आकडा आणि नाव जिथे भरायचं तिथे वाक्यात टक्क्याची चिन्हं असतात, त्यांची नुसती अदलाबदल केलीस तर जिथे मजकूर यायचा तिथे आकडा जातो आणि प्रोग्रॅम धाडकन कोसळतो. चिन्हात पहिला-दुसरा असा क्रमांक घालायची सोय आहे, ती वापर. पीओ पाठवण्याआधी एमएसजीएफएमटीला ‘सी’चा पर्याय देऊन तपासून घे, ही चूक ते पकडतं.

आणि ते क्रमांक इंग्रजी आकड्यांतच लिही! केडीईच्या वाक्यांत टक्का-एक, टक्का-दोन अशी चिन्हं असतात. मी नवी असताना मोठ्या अभिमानाने त्यांतला इंग्रजी एक काढून आपला देवनागरी एक घातला होता, दोनशेच्या वर वाक्यांत. पडद्यावर ‘%१ मधून %२ मध्ये नकल होत आहे’ असं जसंच्या तसं उमटलं. सगळं परत करायला गणपतीचे पाच दिवस गेले, मोदक बहिणीने केले.

प्रश्न : बंगळूरहून लिहितोय. एका प्रकल्पाच्या एम४ फाइलीत, म्हणजे बिल्डच्या सूचना असतात त्या फाइलीत, पाच ओळींची सुधारणा सुचवली तर सांभाळणाऱ्या बाईंनी वीस प्रश्न विचारले. भाषांतरं मात्र न बघता घेतात. हा काय न्याय?

भाषांतरं न बघता घेतात हे चूकच, पण वीस प्रश्नांबद्दल मी त्या बाईंच्या बाजूने आहे.

२९ मार्च २०२४ला एक्सझेडचं प्रकरण बाहेर आलं ते आठवत असेल. एक्सझेड ही फायली दाबून लहान करणारी, जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असलेली गोष्ट. तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा होता. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंडला एसएसएचने, म्हणजे दूरच्या यंत्रावर, लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, आणि तो खोदत गेला म्हणून कळलं. आता आपल्याशी संबंध काय, तर तो दरवाजा उघडणारी कडी बसवली होती ‘बिल्ड-टू-होस्ट’ या एम४ फाइलीत. या नावाची खरी फाइल ग्नूलिब या सामायिक कोडच्या संग्रहात आहे आणि गेटटेक्स्टच्या मॅक्रोंसोबत ती प्रकल्पांत येते. म्हणजे भाषांतराच्या वऱ्हाडातलीच. तिला कोण ओळखपत्र विचारणार? शिवाय फेरफार केलेली फाइल गिटमध्ये, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या नोंदवहीत, नव्हतीच, फक्त प्रकाशित केलेल्या टारबॉलमध्ये, म्हणजे कोडच्या गठ्ठ्यात, होती. आणि हे करणारा ‘जिया टॅन’ या नावाचा, कोण होता ते उघड न झालेला माणूस, दोनेक वर्षं मदतनीस म्हणून गोड बोलून आत आलेला.

ऑटोटूल्स या जुन्या बिल्ड-संचाचा कॉन्फिगर हजारो ओळींचा असतो, तो कोणी वाचत नाही, हे जिया टॅनला पक्कं ठाऊक होतं. मेसनमध्ये ‘डिस्ट’ ही आज्ञा गिटमध्ये असलेलं तेवढंच घेऊन टारबॉल बांधते आणि तो उघडून, बिल्ड करून तपासतेही. त्यानेही सगळं टळेल असं नाही, पण गॅलीत एक आणि छापील पानात दुसरंच, हा प्रकार तरी अवघड होतो. तुम्ही त्या वीस प्रश्नांना वीस उत्तरं द्या. एकविसाव्या वेळी त्या विचारणार नाहीत.

प्रश्न : फ्लॅटपॅकमधून (कुठल्याही लिनक्सवर चालणाऱ्या प्रोग्रॅम-गठ्ठ्यांतून) घेतलेला प्रोग्रॅम मराठीत येत नाही. तोच डेबियनच्या भांडारातून घेतला तर येतो.

फ्लॅटपॅक भाषांतरं वेगळ्या गठ्ठ्यात ठेवतो आणि तुमच्या यंत्राला लागणाऱ्या भाषा तेवढ्याच उतरवतो. यंत्र इंग्रजीत असताना घातलं असेल तर मराठी आलेलीच नाही. ‘फ्लॅटपॅक कॉन्फिग’ने ‘लँग्वेजेस’मध्ये इंग्रजी आणि मराठीचे संकेत मधे अर्धविराम देऊन घाला, मग अपडेट चालवा.

प्रश्न : फाइल लिहावं की संचिका?

दर महिन्याला हे पत्र येतं. फाइल. तलाठी कार्यालयातसुद्धा ‘फाइल कुठंय’ असंच विचारतात. पण एका प्रोग्रॅममध्ये आधीच्यांनी सगळीकडे संचिका लिहिलं असेल तर तुमच्या दहा वाक्यांत फाइल घुसडू नका. बदलायचं तर सगळं एकदम, आणि संघातल्यांना विचारून.

प्रश्न : आता एआय असताना हा सगळा उद्योग हवा कशाला?

मी स्वतः कच्चा मसुदा त्याच्याकडून घेते, लपवत नाही. पण ‘की’ म्हणजे कीबोर्डची कळ की कुलपाची किल्ली, हे त्यालाही संदर्भाच्या ओळीशिवाय कळत नाही, आणि ती ओळ लिहून घ्यायला कोणीतरी प्रोग्रॅमरच्या मागे लागावं लागतं. लिंग्वासमध्ये ‘एमआर’ आहे का हेही त्याने मला आजवर आपणहून विचारलेलं नाही.

प्रश्न : मी निवृत्त मुद्रितशोधक, सातारा. लिब्रेऑफिसमध्ये ‘दुसऱ्या’ हा शब्द शोधला की काही ठिकाणी सापडतो, काही ठिकाणी डोळ्यांना दिसत असूनही सापडत नाही. माझे डोळे गेले की यंत्राचे?

काका, दोघांचेही ठीक आहेत. तो अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, युनिकोडमध्ये नुक्त्याचा जो ऱ आहे तो, हलन्त करून. इनस्क्रिप्ट कीबोर्डावर र च्याच कळीवर शिफ्ट दाबून मिळतो. दुसरी तऱ्हा, साधा र, हलन्त, आणि मग न दिसणारं एक जोडणारं अक्षर. पडद्यावर दोन्ही हुबेहूब, आतून वेगळे. सारखी रूपं एक करणाऱ्या युनिकोडच्या सामान्यीकरणातही ते एक होत नाहीत. ‘ॲ’चंही तसंच. त्याला स्वतंत्र जागा २००८ साली युनिकोड ५.१मध्ये मिळाली, त्याआधी अ वर चंद्र चढवायचे. जुने दस्तऐवज तसेच राहिलेत.

भाषांतरात याचा जाच असा की आधी केलेलं वाक्य आठवून देणारी जी स्मृती असते, तिला हे दोन वेगळे शब्द वाटतात. एकच वाक्य दोनदा करावं लागतं. म्हणून मी पीओ गिटमध्ये घालण्याआधी एक छोटी स्क्रिप्ट चालवते. ती जुनी रूपं नव्यात बदलते आणि कुठे बदललं ते छापते. बदलताना जपून, कारण ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत घोटाळा झाला तर स्वयंपाकी प्रवचनाला बसायचा. दर्या आणि दऱ्या हेही त्यातलेच. असे शब्द मी हाताने बघते, आत्ता माझ्या यादीत एकोणीस जोड्या आहेत.

बाबांच्या खिळ्यांच्या केसमध्ये या अर्ध्या र चा खिळा वेगळ्या घरात असायचा, डाव्या हाताला, लवकर झिजायचा म्हणून दोन मुठी जास्त मागवलेला. तुम्ही चाळीस वर्षं प्रुफं वाचलीत, तुमच्याकडे अशा जोड्या माझ्याहून जास्त असणार. पोस्टकार्डावर लिहून पाठवल्यात तरी चालेल, यादीत घालते.